जाल, जालना आणि बटईचं शेत

गेल्या रविवारी सकाळी सकाळी वहिनींचा फोन आला. एरवी त्या दादांना फोन लावायला सांगतात आणि मग मागून बोलतात. या वेळी स्वतःच लावला होता, तेव्हाच पाल चुकचुकली.

"भावजी, तुम्ही जरा याला समजावा. वीस गुंठे विकायचं म्हणायलाय. हे तर काही बोलतच नाहीत."

"हा" म्हणजे माझा पुतण्या. वय वर्षं सव्वीस, बी.एस्सी. अ‍ॅग्री, अंगात कला, डोक्यात वारं. परतूर तालुक्यात आमचं गाव. थोडी मोसंबी, थोडा कापूस आणि विहिरीशेजारी कलमांची लहानशी रोपवाटिका. ती रोपवाटिका यानंच उभी केलेली, आणि बरी चालते. पण आता साहेबांना मराठवाड्याचं स्वतःचं ओटीटी काढायचं आहे! आपली भाषा, आपले कलाकार, आपलं अ‍ॅप. छत्रपती संभाजीनगरला एका हॉटेलातल्या हॉलमध्ये दोन दिवसांचं कसलंसं शिबिर झालं, फी भरून हा तिथं गेला, आणि येताना एक वही भरून घेऊन आला. दुपारी तो जालन्याला माझ्याकडे आला तेव्हा ती वही मी पाहिली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं:

आयडिया + अ‍ॅप + कंटेंट = सक्सेस.

तर मंडळी, आजचं हे लिखाण त्या एका ओळीच्या विरोधात आहे. शिबिर घेणाऱ्यांचं नाव मी घेणार नाही, कारण ते एकटे नाहीत. ही ओळ गल्लोगल्ली विकली जाते आहे, आणि ती विकत घेण्यासाठी लोक वीस-वीस गुंठे काढायला निघालेत. या तिन्ही गोष्टी लागत नाहीत असं माझं म्हणणं नाही. लागतात की. पण लग्नाला मांडव लागतो म्हणून मांडव घातला की लग्न लागतं, असं कुणी म्हणालं तर आपण काय म्हणू?

आधी जुनी गोष्ट सांगतो. १९८६-८७ च्या सुमाराची. आमच्या गावात तेव्हा टीव्ही नव्हता. गणपतीत नाहीतर कुणाच्या घरी बारसं असलं की सेलूहून 'व्हिडिओ' यायचा. व्हिडिओ म्हणजे रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, एका रात्रीच्या भाड्यानं. टीव्ही गोधडीत गुंडाळून बैलगाडीतून यायचा. नव्या नवरीलासुद्धा कुणी इतकं सांभाळून उतरवत नसेल. रात्रभर पारावर सगळा गाव. एक दादा कोंडक्यांचा, दोन अमिताभचे. मध्येच चित्रावर मुंग्या आल्या की व्हिडिओवाला कोरी करकरीत नोट काढायचा, तिनं हेड पुसायचा, आणि चित्र पुन्हा लख्ख.

त्या माणसाचा धंदा का चालला? सिनेमे त्यानं काढलेले नव्हते. व्हीसीआरही त्याच्या डोक्यातून निघालेला नव्हता. त्याची 'आयडिया' सेलूत आणखी चौघांकडे होती. हा चालला, कारण सांगितलेल्या दिवशी यायचा. लाइट जाणार हे धरून जनरेटर घेऊन यायचा. आणि पैसे? माणशी गोळा करत बसायचा नाही. मंडळाच्या एका माणसाकडून संध्याकाळीच सगळे पैसे घ्यायचा, मग टीव्हीवरची गोधडी काढायचा. म्हणजे माल लोकांपर्यंत न्यायचा कसा, पैसे वसूल करायचे कसे आणि पुढच्या वर्षी पुन्हा आपल्यालाच बोलावतील असं वागायचं कसं, हे तीन प्रश्न त्यानं सोडवले होते. रस्ता, वसुली, भरवसा. पुतण्याच्या अख्ख्या वहीत या तीन शब्दांपैकी एकही नव्हता.

आता माझीच फजिती सांगतो, म्हणजे काका दुसऱ्यांनाच शहाणपण शिकवतो असं व्हायला नको. २००३ साली परतूरला, स्टेशनच्या रस्त्याला, मी नेट कॅफे काढला. थोडं कर्ज, थोडे घरचे पैसे. चार जुने संगणक, डायल-अप, तासाला तीस रुपये. आणि माझी स्वतःची भन्नाट आयडिया म्हणजे तालुक्याचं संकेतस्थळ! बाजारभाव, देवस्थानं, इतिहास, एसटीचं वेळापत्रक, सगळं मराठीतून. त्या काळी युनिकोडचा पत्ता नव्हता म्हणा किंवा आमच्यापर्यंत पोचला नव्हता म्हणा, पण पान उघडायचं तर आधी फॉन्ट उतरवून घ्यायचा, मग तो संगणकात बसवायचा, मग पुन्हा पान उघडायचं. एवढं सगळं करून ज्याला परतूरचा बाजारभाव पाहायचा, तो माणूस मुळात बाजारात उभा असायचा! सहा महिन्यांत किती लोकांनी ते संकेतस्थळ पाहिलं असेल ते विचारू नका. त्यातला निम्मा मीच होतो.

कॅफे मात्र वर्षातून काही दिवस तुडुंब भरायचा. दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस, रेल्वेचं आरक्षण आणि नोकरीचे अर्ज. निकालाच्या दिवशी दारात चपलांचा ढीग. मी मराठी इतिहासाचं पान दाखवायला बसलो होतो, आणि लोकांना आपल्या पोराचे गणितातले मार्क हवे होते. यात लोकांची चूक नव्हती, माझी होती. मी माझी हौस विकायला ठेवली होती आणि त्यांना त्यांची नड भागवायची होती.

पुढे वाचनात आलं की माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या मंडळींनीही हाच धडा गिरवला होता. १९९८ साली वारणानगर परिसरातल्या ७० गावांत संगणक केंद्रं बसवण्याचा मोठा सरकारी प्रकल्प निघाला. 'वायर्ड व्हिलेज' म्हणून त्याचं तेव्हा फार कौतुक झालं. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, असं बरंच काही त्यातून द्यायचं होतं. शेतकऱ्यांनी ती केंद्रं मुख्यतः कशासाठी वापरली? माझा ऊस किती टन भरला, खत किती उचललं, बिल किती झालं यासाठी! पुढे २००७ च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर हीच माहिती देऊन पाहिली, तर काम भागलं. आता यात 'कंटेंट' कुठला? उसाच्या वजनाचा आकडा. त्याच्याइतका वाचनीय मजकूर वारणेच्या शेतकऱ्याला कुठल्या लेखकानं दिला असता?

"काका, ते जुनं झालं. आता व्हिडिओचा जमाना आहे," पुतण्या म्हणाला.

बरं, व्हिडिओचं घेऊ.

व्हिडिओच्या धंद्यात पैसा आणि आयडिया चालत असती, तर आज आपण यूट्यूब हे नाव ऐकलं नसतं. २००५ साली गूगलनं स्वतःची व्हिडिओ सेवा काढली होती. गूगलकडे पैसा होता, जगातली हुशार माणसं होती. पण सुरुवातीला त्यांचे व्हिडिओ पाहायला त्यांचा वेगळा प्लेअर उतरवून घ्यावा लागायचा (माझ्या फॉन्टचे भाऊबंद!). त्याच वर्षी तीन पोरांनी यूट्यूब काढलं. ते पानावर टिचकी मारली की तिथल्या तिथे चालायचं, आणि कुणालाही आपल्या पानावर तो व्हिडिओ चिकटवता यायचा. बस्स. पुढच्याच वर्षी, २००६ साली, गूगलनं १६५ कोटी डॉलर मोजून ते विकत घेतलं. पैशाचा डोंगर असलेल्याला शेवटी दारातला एक दगड काढणाऱ्याकडे जावं लागलं.

याच्या उलटं उदाहरण क्विबीचं. हॉलिवूडमधले दिग्गज, १७५ कोटी डॉलरचं भांडवल, मोठमोठे कलाकार, खास मोबाइलसाठी बनवलेले दहा-दहा मिनिटांचे भाग. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालं आणि डिसेंबरात बंदही झालं. टाळेबंदीत माणसं घरी बसून होती, आणि यांचा माल फक्त फोनवर दिसायचा. टीव्हीवर पाहायची सोय मागाहून आली. आवडलेल्या प्रसंगाचं चित्र काढून मित्राला पाठवावं म्हटलं तर तीही बंदी. आयडिया होती, अ‍ॅप होतं, कंटेंट होता. वहीतलं समीकरण शंभर टक्के पूर्ण केलेलं!

आता रस्त्याचं बोलू. आपल्याकडे २०१६ पर्यंत एक जीबीच्या पाकिटाला दोनशे-अडीचशे रुपये पडायचे आणि ते महिनाभर तेलासारखं पुरवून वापरायचं. एखादा व्हिडिओ पाहिला तर नंतर हळहळ वाटायची. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट मिळालं, आणि मग बाकीच्या कंपन्यांनाही भाव पाडावे लागले. त्यानंतर आमच्या गावच्या पारावर जो तो मान खाली घालून बसलेला. आज जी मंडळी 'मी व्हिडिओत यशस्वी कसा झालो' यावर भाषणं देतात, त्यांतल्या किती जणांनी या तारखेचे आभार मानलेत? यांचं कर्तृत्व मी नाकारत नाही. पण गावाला सडक झाल्यावर ज्याची जीप चालली, त्यानं सडक मीच केली असं सांगू नये.

राजश्रीवाल्यांनी २००६ मध्येच 'विवाह' चित्रपटगृहात लागला त्याच दिवशी आपल्या संकेतस्थळावर पैसे भरून पाहण्यासाठी ठेवला होता. कल्पना काळाच्या दहा वर्षं पुढे होती. पण भाव डॉलरमध्ये होता आणि गिऱ्हाईक परदेशातलं, कारण वेगवान जाल तिकडे होतं. आपल्या परतूरला तो उतरवायला घेतला असता तर वधूवरांना नातवंडं झाली असती :)

आणि वसुली. नेटफ्लिक्स भारतात २०१६ च्या जानेवारीत आलं, महिन्याला पाचशे रुपयांपासून पुढे. जगातली सगळ्यात तयार कंपनी, पण पाचशे रुपयांत इथं घरी केबल यायची आणि वर पैसे उरायचे. शेवटी २०१९ मध्ये फक्त मोबाइलसाठी १९९ चा प्लॅन काढावा लागला आणि २०२१ च्या डिसेंबरात तोही १४९ वर आणावा लागला. ती कंपनी भाव खाली आणून थांबू शकते, तिच्याकडे तेवढा दम आहे. वीस गुंठ्यांच्या पैशांत किती महिने दम निघेल? त्यातून समोर कोण उभं आहे ते पाहा. जिओ सिनेमानं २०२३ ची अख्खी आयपीएल फुकट दाखवली. ज्या बाजारात एक व्यापारी पोतंच्या पोतं फुकट वाटू शकतो, तिथं तू किलोवर माल विकायला बसणार?

इथं पुतण्यानं हुकमाचं पान काढलं. "काका, मग 'स्टेज'चं काय? हरियाणवी, राजस्थानी बोलीचं अ‍ॅप. लोक पैसे भरून पाहायलेत ना?"

मुद्दा बिनतोड होता. बोलीभाषेतलं अ‍ॅप चालू शकतं, हे मला मान्य करावं लागलं. पण मग मी त्याला त्याच मंडळींची आधीची गोष्ट विचारली. ती वहीत नव्हती. 'स्टेज' काढण्याआधी त्यांचं इंदूरहून विटीफीड नावाचं मोठं संकेतस्थळ चालायचं. वाचक यायचे ते मुख्यतः फेसबुकवरून. २०१८ च्या शेवटी फेसबुकनं त्यांचं पान काढून टाकलं आणि एवढा मोठा धंदा जवळजवळ एका रात्रीत बसला. तेव्हा कुठं त्यांना कळलं की गिऱ्हाईक आपलं नव्हतंच, ते फेसबुकचं होतं. त्यानंतर त्यांनी थेट लोकांकडून पैसे घेणारं अ‍ॅप काढलं. म्हणजे ते अ‍ॅपपासून सुरू झालेले नव्हते. आधी अनेक वर्षं माणसं गोळा करायला शिकले, त्यात एकदा सगळं गमावलं, आणि मग अ‍ॅपवर आले. तू शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतो आहेस.

आता मी माझ्याच बाजूची अडचण सांगतो. अ‍ॅप काढू नको, यूट्यूबवर टाक, असं म्हणणं सोपं आहे. आणि तिथं मराठी माणसं खरोखर यशस्वी झालीच आहेत. २०१६ पासून भाडिपानं शहरी मराठी घर जसं बोलतं तसंच दाखवलं. सातारा जिल्ह्यातून 'गावाकडच्या गोष्टी' आल्या, बारामती तालुक्यातून 'चांडाळ चौकडीच्या करामती' आल्या. सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी', २०२० मध्ये चुलीपुढे बसून बोलायला लागल्या आणि लाखो लोक बघत राहिले. यांपैकी कुणी जगाला ठाऊक नसलेली आयडिया आणली? कुणीच नाही. चुलीवरची भाजी आणि गावातली भांडणं, यात नवं काय आहे! पण ही मंडळी ठरल्या वेळी आली, पुन्हा पुन्हा आली, आणि घरी बोलतो तसंच बोलली. सेलूच्या व्हिडिओवाल्यासारखी.

पण ही जमीन कुणाची? ही बटई आहे हो, बटई! आमच्याकडे बटईनं शेत केलं की साधारण अर्धं मालकाचं, अर्धं कसणाऱ्याचं. यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीत कसणाऱ्याला ५५ टक्के, मालकाला ४५. शॉर्ट्सवर उलटं, कसणाऱ्याला ४५. आकडे ऐकायला बटईपेक्षा वाईट नाहीत. फरक असा की गावातला मालक बहुतेक वेळा बी-खतात वाटा देतो, दुष्काळात दारात जाऊन त्याला चार शब्द ऐकवता येतात. या मालकाचं दार कुठं आहे? जानेवारी २०१८ मध्ये त्यानं नियम बदलला, की १००० सदस्य आणि वर्षात ४००० तास पाहिलं गेल्याशिवाय वाटा नाही. त्या दिवशी कितीतरी लहान कसणाऱ्यांचं जाहिरातीचं उत्पन्न बंद झालं. आपल्या आजींचं चॅनल २०२० मध्ये कुणीतरी हॅक केलं, तेव्हा ते काही दिवसांनी परत मिळालं खरं, पण ते दिवस स्वतःच्याच शेताच्या बांधावर बाहेर उभं राहण्याचे होते. आणि २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. बंदी योग्य की अयोग्य हा विषय वेगळा. पण लाखोंची ओळख कमावलेली आपल्या खेड्यापाड्यांतली पोरंपोरी सकाळी उठली तेव्हा त्यांच्याकडे सातबारा तर नव्हताच, साधी पावतीही नव्हती.

म्हणून माझं म्हणणं दोन्हीकडून आहे. वीस गुंठे विकून अ‍ॅप काढणारा फसतो, आणि बटईच्या शेताला आपलं शेत समजणाराही फसतो.

मग काय करायचं? याचं उत्तर शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. ते जालन्यातच आहे. "जालना, सोने का पालना" असं जुने लोक म्हणतात ते उगाच नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथं महिको काढली. त्याआधी त्यांनी सुरुवात केली ती भेंडीपासून. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचं 'पुसा सावनी' वाण, जे तेव्हा भेंडीवरच्या हळद्याला दाद देत नव्हतं. वाण त्यांचं नव्हतं, शेतकऱ्यांची नड त्यांना कळली होती. पुढे संकरित बियाण्यांचा धंदा उभा राहिला, आणि आज जालना म्हटलं की लोखंडाच्या जोडीला बियाणंच आठवतं. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार बारवाल्यांना मिळाला.

संकरित बियाणं म्हणजे काय हो? या वर्षीचं दाणं राखून पुढच्या वर्षी पेरलं तर तसं पीक येत नाही, दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं. ओटीटीवाले ज्याला 'सबस्क्रिप्शन' म्हणतात ते आमच्या जिल्ह्यात साठ वर्षांपासून चालू आहे! आणि शेतकरी ते पाकीट का घेतो? पाकिटावरचं चित्र सुंदर आहे म्हणून? मागच्या वर्षी उगवलं म्हणून. गावात दुकानदार ओळखीचा आहे, नाही उगवलं तर भांडायला कुणीतरी समोर आहे म्हणून. शिवाय बियाणं तयार करून देणारेही आसपासचेच लहान शेतकरी होते, म्हणजे त्या धंद्यात त्यांचाही वाटा होता. ज्याच्या हातात बी त्याच्या हातात शेतकरी, ही तक्रारही त्याच धंद्यातून आली, आणि ती खोटी नाही. पण पैसे देऊन लोक दरवर्षी परत का येतात याचा धडा हवा असेल, तर हॉटेलातल्या हॉलपेक्षा बियाण्याच्या दुकानात मृगाच्या आधी आठ दिवस उभं राहावं.

इथं एक इशारा दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. भरवसा मिळवता येतो, तसा तो वापरून संपवताही येतो. शेजारच्याच परभणी जिल्ह्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाब डख यांचे हवामान अंदाज व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूबवरून महाराष्ट्रभर गेले. का गेले? शेतकऱ्याच्या भाषेत, तालुक्याची-जिल्ह्याची नावं घेऊन, आणि 'या तारखेच्या आत काढणी उरका' असं स्पष्ट सांगतात म्हणून. हवामान खात्याकडे उपग्रह आहेत, रडार आहेत, पण त्यांचं 'तुरळक ठिकाणी मध्यम स्वरूपाचा' ऐकून सोयाबीन झाकायचं की नाही ते कळत नाही. दुसरीकडे, डखांच्या अंदाजांना शास्त्रीय आधार नाही, असा आक्षेप हवामानाच्या अभ्यासकांनी उघडपणे घेतला आहे. मला तो गंभीर वाटतो. लोकांनी ऐकलं म्हणजे ते खरं, असं नाही. यशाचं गणित मांडणारे हा फरक कधीच सांगत नाहीत. त्यांच्या लेखी दहा लाख लोकांनी पाहिलं की विषय संपला. अंदाजावर विसंबून ज्यानं पेरणी केली, त्याचा हिशेब कुठल्याच पडद्यावर दिसत नाही.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. दोन वेळा चहा झाला. तो ऐकत होता, पण बघत खिडकीबाहेर होता. मग म्हणाला, "काका, एक विचारू? तुम्ही कॅफे काढला तेव्हा आबांनी बैलजोडी विकली होती ना? तेव्हा तुम्हाला कुणी भाषण दिलं?"

वर मी 'थोडे घरचे पैसे' असं लिहिलं आहे. ते पैसे म्हणजे ती बैलजोडी. वडिलांनी शब्दही न बोलता विकली होती, आणि त्या वर्षी पेरणी दुसऱ्याचे बैल मागून केली होती. हे या पोराला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. तो तेव्हा चार वर्षांचा होता.

मला काही सुचेना. मग जे खरं होतं तेच बोललो. "कुणी दिलं असतं तर बरं झालं असतं. आणि बैल तीन वर्षांनी पुन्हा घेता आले. समृद्धी महामार्ग झाल्यापासूनचे जमिनीचे भाव बघ, आणि आपल्याला वीस गुंठे पुन्हा घेता येतील का ते सांग."

शेवटी आमच्यात एक करार झाला. दिवाळीपर्यंत त्यानं दर गुरुवारी एक व्हिडिओ टाकायचा. ओटीटी नाही, नाटक नाही, तर त्याला जे येतं ते. मोसंबीचं कलम कसं बांधायचं, बहार धरायला पाणी कधी तोडायचं, डिंक्या आला तर बुंध्याला काय लावायचं. गुरुवार चुकवायचा नाही. ज्याचा फोन येईल त्याचं नाव, गाव, नंबर आणि अडचण त्या वहीतच लिहायची, पहिलं पान फाडून. सल्ला चुकला तर पुढच्या गुरुवारी तोंडानं कबूल करायचं. शेत बटईचंच राहील, पण ती वही त्याच्या मालकीची. उद्या यूट्यूब बंद पडलं तरी त्या नंबरांवर फोन लावता येईल, कलमं विकता येतील.

आणि दिवाळीला त्या वहीत दोनशे माणसं झाली, त्यांतली पन्नास जरी पैसे मोजायला तयार निघाली, तर अ‍ॅप म्हणा की आणखी काही म्हणा, त्याला लागणारे वीस गुंठे दादांच्या नव्हे, माझ्या वाटणीतले विकायचे. इथं लिहून ठेवतो आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

वहिनींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "भावजी, मी समजवायला सांगितलं होतं, तुम्हीच डावावर बसलात!"

असो. पहिला गुरुवार झाला. एकशे बारा जणांनी पाहिलं, दोन फोन आले. त्यातला एक घनसावंगीहून होता, बुंध्यातून डिंक गळतो आहे म्हणून. दुसरा माझा.